सोयापेंड कमी केली की अठराव्या दिवशी गादी ओली: चूक कुठे शोधायची

ब्रॉयलर कोंबडीची पिल्लं येतात, ब्रूडिंग (सुरुवातीची ऊब देणं) छान होतं, पहिले बारा-चौदा दिवस बघत राहावं असं काम चालतं. मग सोळाव्या ते विसाव्या दिवसाच्या मधे कधीतरी गादी, म्हणजे शेडमध्ये पसरलेला तुसाचा थर, ओली व्हायला लागते. सकाळी शेडचा पडदा वर केला की डोळ्यांना झोंबतं. विष्ठा चिकट, पक्ष्याच्या मागची पिसं लडबडलेली, तळपाय काळवंडलेले. वजन करायला घ्यावं तर एक पक्षी आठशे ग्रॅमचा आणि त्याच्या शेजारचा साडेपाचशेचा. नवीन तूस टाकतो, चुना मारतो, पाण्यातून औषध चालवतो, चार दिवस बरं वाटतं, आणि परत तेच. मागे वळून वही बघितली की बहुतेक वेळा कळतं, या बॅचला सोयापेंड कमी करून दुसरी कुठली तरी पेंड घातली होती.

माझ्याकडे हे तीन वेळा झालं. आमचं फार्म इंदूरहून महूकडे जाताना आत वळून आहे, साडेतीन हजार पक्ष्यांचं, आणि खाद्य आम्ही स्वतःच मिसळतो. तिन्ही वेळा वरवरची लक्षणं तीच होती आणि कारणं मात्र तीन वेगवेगळी निघाली. म्हणून हे सविस्तर लिहितोय. आपल्यातले बरेच जण एकदा हात पोळला की ‘सोयाशिवाय काही चालत नाही’ म्हणून सोडून देतात, आणि भाव चढला की परत घाईघाईने तीच चूक करतात.

सगळ्यात आधी दोष पेंडीचाच आहे ना, हे बघा. निपलच्या (पक्षी पाणी पितात त्या तोट्यांच्या) रांगेखालीच ओलं असेल आणि बाकी गादी कोरडी असेल, तर गळती आहे किंवा निपलची उंची चुकली आहे. खाद्याला हात लावू नका. विष्ठेत रक्त किंवा गाजरासारखी लाली दिसली तर कॉक्सी (आतड्याचा परजीवी रोग) आहे, त्याच दिवशी पक्षी उघडून (पोट फाडून तपासून) घ्या. खाद्यात सुकी मासळी घालत असाल तर मीठ तपासून घ्या, खारट मासळीने पक्षी पाणी जास्त पितो आणि पाणी जास्त प्यायला की ते गादीतच येतं. हे तिन्ही नसेल, शेडभर सारखीच ओल असेल, आणि गादीची मूठ दाबून उघडल्यावर गोळा फुटत नसेल, तर मग पेंडीकडे वळायचं.

पहिली वेळ 2021 ची. त्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेला होता. इतका, की सरकारला जीएम (जनुक बदललेल्या) सोयाबीनची 12 लाख टन पेंड बाहेरून आणायला परवानगी द्यावी लागली. आपण तर माळव्यात राहतो, सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था इंदुरात आहे, छावणी मंडीत ऑक्टोबरमध्ये सोयाबीनचे ढीग लागतात, आणि तरी आपल्यालाच पेंड परवडेना. मंडीतला एक व्यापारी म्हणाला, “भिया, गवार कोरमा घ्या, प्रोटीन सोयापेक्षा जास्त आहे.” ते खोटं नव्हतं. कोरम्यात पन्नास टक्क्यांच्या आसपास प्रथिन असतं, सोयापेंडीत पंचेचाळीस-शेहेचाळीस. मी शंभर किलोत बारा किलो कोरमा घातला आणि तेवढी सोयापेंड काढून टाकली.

एकोणिसाव्या दिवशी मी एक पक्षी हातात घेतला, त्याची शेपटी वर केली आणि मागच्या पिसांवरचा लगदा बोटांनी काढायला गेलो. तो तुटेना. दोन बोटांच्या मधे तार धरावी तसा ताणला गेला, पातळ खळीसारखा. तिथेच समजायला हवं होतं, मला समजायला आणखी आठवडा लागला. गवारीच्या दाण्यात जो डिंक असतो, तोच गवार गम म्हणून आइस्क्रीमपासून तेलविहिरीपर्यंत घट्टपणा आणायला वापरतात. डिंक काढून घेतल्यावर उरलेल्या भागाला कोरमा आणि चुरी म्हणतात, पण डिंक पूर्ण निघत नाही. उरलेला डिंक पक्ष्याच्या आतड्यात पाणी धरून बसतो, आतला अन्नाचा लगदा दाट होतो, पाचक रस अन्नापर्यंत नीट पोचत नाहीत, न पचलेलं अन्न खालच्या आतड्यात जंतूंना मिळतं आणि विष्ठा ओली आणि चिकट होते. पक्षी लहान असेल तितका त्रास जास्त. भाजलेला कोरमा घेतला तर कच्चेपणाचा दोष कमी होतो, पण डिंक भाजण्याने जात नाही, हे कुणी सांगत नाही.

आता मी कोरमा आला की काचेच्या पेल्यात कोमट पाणी घेतो, एक चमचा कोरमा टाकून ढवळतो आणि अर्धा तास ठेवतो. शेजारच्या पेल्यात सोयापेंड. चमचा उचलल्यावर कोरम्याचं पाणी ओघळताना धार धरत असेल, तर तो माल पक्ष्यांसाठी नाही. सोयापेंडीचं पाणी नुसतं गढूळ होतं आणि गाळ खाली बसतो. ही प्रयोगशाळेची चाचणी नव्हे, पण आमच्याकडे दोनदा तिने वाचवलंय. एक आणखी बघा: कोरमा म्हणून चुरी मिसळून देतात. डिंक चुरीच्या भागात जास्त राहतो आणि चुरीत प्रथिनही कमी असतं. कोरम्याचे दाणे पिवळट, जरा टणक. चुरी सालपटासारखी, फिकट. चांगला कोरमा मी पाच टक्क्यांच्या वर नेत नाही, चुरी असेल तर अडीचच्या वर नाही, आणि पहिल्या दहा दिवसांत दोन्ही नाही. बीटा-मॅननेज नावाचं एन्झाइम घातलं तर डिंक तुटतो आणि फरक खरोखर दिसतो. ते बाजारात मिळतं, पण पाकिटावर ‘एन्झाइम’ एवढंच लिहिलेलं पुरत नाही. मॅननेज आहे का ते वाचा. मक्यासाठीचं झायलनेज गवारीच्या डिंकाला काही करत नाही.

दुसऱ्या वेळी मोहरी होती. आपल्याकडे मुरैना-भिंडच्या बाजूने सरसोंची खली येते, स्वस्त येते. गवारीचा धडा घेऊन मी पेल्याची चाचणी केली, पाणी स्वच्छ. वास घेतला, झोंबणारा वास नाही. मनात आलं, हा माल सौम्य आहे. आठ टक्के घातली. या वेळी गादी एवढी चिकट नव्हती, पण पक्षी खाद्य वर-वर करून टाकायचे. संध्याकाळी फीडर उलटा केला की तळाशी गडद पिवळी भुकटी साचलेली, मका सगळा वेचून खाल्लेला. वाढ मागे, आणि काही पक्षी पाय टाकून बसलेले.

माझी समजूत कुठे चुकली ते एका पशुवैद्यांनी समजावलं. मोहरीत ग्लुकोसिनोलेट नावाचे घटक असतात. मोहरी वाटून पाणी लावलं की तिच्यातलंच एक एन्झाइम त्यांना फोडतं आणि तो नाकात जाणारा झणझणीतपणा येतो, आपण लोणच्याची मोहरी फेसतो तेव्हा जो येतो तोच. तेल काढण्याच्या कारखान्यात वाफेने ते एन्झाइम मरतं, म्हणून डीओसीला (तेल पूर्ण काढून घेतलेल्या पेंडीला) वास येत नाही. पण ग्लुकोसिनोलेट तसेच राहतात, आणि पक्ष्याच्या आतड्यातले जंतू ते फोडतात. परिणाम थायरॉइडवर होतो, वाढ मंदावते. चव कडू असल्याने खाणंही कमी होतं. वास नाही म्हणजे सुरक्षित, हा निष्कर्ष मोहरीत उलटा पडतो. शिवाय मोहरीत गंधक भरपूर असतं, त्याने क्षारांचा तोल बिघडतो आणि पायांचे त्रास वाढतात.

कमी ग्लुकोसिनोलेट असलेल्या मोहरीच्या जाती आता आहेत; ‘पुसा डबल झिरो मोहरी 31’ त्यांतलीच, जिच्या पेंडीत प्रत्येक ग्रॅममागे 30 मायक्रोमोलच्या आत ग्लुकोसिनोलेट असतं. पण मंडीतल्या पेंडीत कोणत्या जाती मिसळल्या आहेत हे पोत्यावर लिहिलेलं नसतं. म्हणून साधी मोहरी समजूनच चालायचं: फिनिशरमध्ये (शेवटच्या टप्प्याच्या खाद्यात) जास्तीत जास्त चार-पाच टक्के, स्टार्टरमध्ये (लहान पिल्लांच्या खाद्यात) नको. भुकटी जास्त असेल तर खाद्याचा दाणा (पेलेट) करून घ्या, नाहीतर पक्षी वेचून खाणारच.

तिसरी वेळ मला सगळ्यात जास्त लागली, कारण त्या बॅचला मी कुठलीच दुसरी पेंड घातली नव्हती. सोयापेंड होती, आणि स्वस्त मिळाला म्हणून थोडा भाजलेला अख्खा सोयाबीन, तेलासकट. गादी तशीच ओली. पक्षी उघडला तर स्वादुपिंड, म्हणजे आतड्याच्या पहिल्या वळणात असतो तो फिकट गुलाबी पट्टा, नेहमीपेक्षा जाड. त्या रात्री घरी येऊन मी बायकोच्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत दोन चमचे भाजलेला सोयाबीन दळून घातला, चिमूटभर शेतातला युरिया, कोमट पाणी, झाकण घट्ट. वीस मिनिटांनी झाकण काढलं आणि मागे सरकलो, अमोनियाची वाफ थेट नाकात गेली. शेडमध्ये जो झोंबायचा तोच वास माझ्या स्वयंपाकघरात. तुलना म्हणून सोयापेंडीची बरणी केली होती, तिला जेमतेम वास.

कच्च्या सोयाबीनमध्ये युरिएज हे एन्झाइम असतं, युरियातून अमोनिया सोडणारं. त्याचा पक्ष्याला त्रास नाही. पण ट्रिप्सिन रोखणारा जो घटक पक्ष्याचं प्रथिन पचू देत नाही, तो साधारण युरिएजइतक्याच उष्णतेने मरतो. म्हणून युरिएज जिवंत असेल तर समजायचं की दाणा कच्चा आहे. भट्टीवाल्याने बाहेरून खरपूस रंग आणला होता, आत दाणा कच्चाच. प्रयोगशाळेत हेच पीएच किती वाढला यावरून मोजतात, 0.05 ते 0.20 वाढ असली की भाजणं बरोबर धरतात. उलट बाजूही विसरू नका. युरिएज शून्य आलं म्हणजे माल उत्तमच असं नाही, तो जळालेलाही असू शकतो, आणि जळालेल्या पेंडीतलं लायसिन (प्रथिनातला एक आवश्यक घटक) साखरेशी बांधलं जाऊन पक्ष्याला मिळत नाही. त्यासाठी केओएचमधली (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणातली) प्रथिनाची विद्राव्यता बघतात: 78 ते 85 टक्के बरोबर, सत्तरच्या खाली आली तर जास्त भाजलंय, 85 च्या बरीच वर गेली तर कच्चं. दोन्ही चाचण्या एकत्र करायला सांगा, एकटीवर विसंबू नका.

या तिन्ही अनुभवांनंतर मी माझी मुख्य चूक काय ती ओळखली, आणि ती पेंडीची नव्हती, हिशोबाची होती. मी प्रथिनाच्या बदल्यात प्रथिन ठेवत होतो. पक्षी प्रथिन खात नाही, तो त्यातलं पचलेलं लायसिन, मिथिओनिन, थ्रिओनिन वापरतो. उदाहरण सरकी पेंडीचं घेतो, कारण खरगोन-खंडव्याकडून ती आपल्याला सहज मिळते.

शंभर किलो खाद्यात दहा किलो सोयापेंड काढून दहा किलो सरकी डीओसी घातली, असं धरा. सोयापेंडीत लायसिन सरासरी 2.8 टक्के, म्हणजे 280 ग्रॅम गेलं. सरकीत साधारण 1.65 टक्के, म्हणजे 165 ग्रॅम आलं. तूट 115 ग्रॅम. कृत्रिम लायसिनमध्ये शुद्ध लायसिन 78 टक्के असतं, तेव्हा 147 ग्रॅम घातलं की भरपाई झाली असं कागद म्हणतो. आता पचनाचा हिशोब करा. सोयाचं लायसिन नव्वद टक्के पचतं, 252 ग्रॅम. सरकीचं पासष्टच्या आसपास, 107 ग्रॅम. खरी तूट 145 ग्रॅम, आणि भरपाईला लागणार 186 ग्रॅम. म्हणजे क्विंटलमागे जवळपास तीस ग्रॅम लायसिन पक्ष्याला कमी मिळत होतं, आणि माझ्या वहीत मात्र सगळं जुळलेलं. सरकीचं लायसिन एवढं कमी पचण्याचं कारण गॉसिपॉल, सरकीतलंच एक विषारी द्रव्य. तेल काढताना गरम झालं की ते लायसिनला चिकटून बसतं.

मोकळं राहिलेलं गॉसिपॉल पक्ष्याला वेगळा त्रास देतं: सुस्ती, धाप, पोटात पाणी. त्याला लोखंड बांधतं. एक ग्रॅम मोकळ्या गॉसिपॉलला एक ते दोन ग्रॅम लोह असा नियम आहे. समजा पेंडीत मोकळं गॉसिपॉल 0.1 टक्का आहे आणि आपण पाच टक्के पेंड घालतोय: क्विंटल खाद्यात पाच ग्रॅम गॉसिपॉल, पाच ते दहा ग्रॅम लोह, आणि साध्या फेरस सल्फेटच्या हिरवट खड्यांत लोह वीस टक्केच असल्याने ते 25 ते 50 ग्रॅम लागेल. बारीक करून आधी पेंडीतच मिसळा, मग बाकी खाद्यात. आणि जनावरांची सालासकट सरकी पेंड ब्रॉयलरला मुळीच घालू नका, तिच्यातला चोथा पक्ष्याला झेपत नाही. ब्रॉयलर खाद्याच्या भारतीय मानकात चोथ्याची कमाल मर्यादाच 5 टक्के आहे.

चोथ्यावरून सूर्यफूल. माझ्या मते नवशिक्याने सुरुवात करावी तर सूर्यफूल पेंडीनेच, कारण तिच्यात विषारी असं काही नाही, मिथिओनिन चांगलं आहे, आणि चूक झाली तर पक्षी मरत नाही, फक्त वाढ मागे पडते. तिचा दोष ऊर्जेचा. सोयापेंडीत किलोला 2230 किलोकॅलरीच्या आसपास, सालासकट सूर्यफूल पेंडीत 1540. दहा टक्के बदल केला तर किलो खाद्यामागे सत्तर किलोकॅलरी गेल्या. तेवढ्या भरून काढायला मक्यातून जागा करून क्विंटलमागे सव्वा किलो तेल घालावं लागतं. ते तेल मोजल्यावर पेंड स्वस्त उरते का, हे आधी बघा. बऱ्याचदा उरत नाही. लायसिनची तूट सरकीपेक्षाही मोठी, भरपाईला क्विंटलमागे दोनशे ग्रॅमच्या घरात कृत्रिम लायसिन.

तिळाच्या पेंडीत मिथिओनिन भरपूर आणि लायसिन तोकडं, त्यामुळे सोयाबरोबर तिची जोडी जमते, पण फायटेट आणि ऑक्झलेट कॅल्शियम-जस्त धरून ठेवतात. पाय वाकडे दिसले तर आधी फायटेज (फायटेट फोडणारं एन्झाइम) आणि जस्त बघा. जवसाची पेंड पिल्लांना नको. तिचा बुळबुळीतपणा गवारीसारखाच काम करतो आणि तिच्यातलं लिनाटिन बी-6 जीवनसत्त्व निकामी करतं, फिनिशरमध्ये तीन टक्के पुष्कळ. एरंडी पेंड कुणी कितीही स्वस्त दिली तरी शेडच्या दारातसुद्धा आणू नका.

शेंगदाणा पेंडीबद्दल मला मनापासून बोलायचंय, कारण पावसाळ्यात सगळ्यात जास्त पक्षी तिच्यामुळे जातात आणि नाव दुसऱ्या रोगावर जातं. अफ्लाटॉक्सिन डोळ्यांना दिसत नाही, भाजून जात नाही, बुरशी झटकून टाकली तरी विष पेंडीतच राहतं. मानकाची मर्यादा किलोमागे 20 मायक्रोग्रॅम. पक्षी उघडल्यावर यकृत पिवळट, फुगलेलं, बोटाने दाबलं की चुरगळणारं दिसलं, किंवा लस देऊनही गंबोरो-रानीखेत परत-परत येत असेल, तर पेंड तपासायला पाठवा. जून ते सप्टेंबर मी ती घेतच नाही.

आता चालू बॅचमध्ये त्रास सुरू झालाच तर काय करायचं. सगळं खाद्य एकदम बदलू नका, नाहीतर कारण कळणार नाही. शेडच्या एका कोपऱ्यात जाळी लावून शंभर पक्षी वेगळे करा आणि त्यांना नवी पेंड पूर्ण वगळलेलं खाद्य द्या, गादी तिथली बदलून. बाकीच्यांना तेच चालू. चौथ्या दिवशी दोन्हीकडची गादी मुठीत दाबून बघा. कोपरा कोरडा झाला तर पेंड दोषी, तेव्हा ती अर्ध्यावर आणा आणि एन्झाइम घाला. कोपराही ओलाच राहिला तर सोयापेंड, पाणी किंवा मीठ. मागच्या हिवाळ्यात शेजारच्या फार्मवरच्या वहिनींनी असाच कोपरा केला. त्यांना खात्री होती कोरमाच वाईट, कोपरा ओलाच राहिला, आणि शेवटी सापडलं की खाद्य मिसळणारा मुलगा मिठाचं माप दोनदा घालत होता. एकोणिसाव्या दिवशी त्यांनी कोरमा काढून टाकला असता तर मीठ तसंच चालू राहिलं असतं.

नवी पेंड सुरू करताना मी एका वेळी एकच घेतो, आणि बाविसाव्या दिवसानंतरच, फिनिशरमध्ये. पहिले तीन दिवस ठरवलेल्या प्रमाणाच्या तिसऱ्या हिश्श्याने, मग दोन हिश्श्यांनी, मग पूर्ण. त्या मधल्या दिवसांत रोज संध्याकाळी फीडर उलटा करतो, तळाला काय उरलंय ते बघायला. प्रत्येक पोतं फोडलं की मूठभर माल काचेच्या बाटलीत, वर तारीख, व्यापारी आणि भावाची चिठ्ठी. बॅच विकून पैसे हातात आल्यावरच ती बाटली रिकामी होते.